खाडीच्या अलीकडची लढाई

वसई म्हटलं की ती पोर्तुगिजांकडून जिंकणारे बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा आठवतात, सुरुंगांनी उडवलेले बुरूज आठवतात आणि देवळांतल्या फिरंगी घंटा आठवतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ सालची आहे, वाईजवळच्या मेणवलीतली १७०७ची. वसईच्या मोहिमेतून या घंटा देशावर आल्या, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण वसईच्या अगदी समोर, खाडीच्या अलीकडच्या काठावर, याच मोहिमेत आणखी एक जागा झुंजवली गेली. ती मराठ्यांनी घेतली, पोर्तुगिजांनी परत मिळवली आणि मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी कायमची जिंकली. तिची घंटा कुठल्याही देवळात टांगलेली नाही आणि इतिहासाच्या पुस्तकात तिच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. ती जागा म्हणजे धारावी.

मुंबईची धारावी नव्हे. घोटाळा नेहमीचा आहे, कारण त्या धारावीतही एक कोट आहे, काळा किल्ला नावाचा. ही धारावी मिरा-भाईंदरची. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली की मुर्धे, राई, मोर्वे अशी गावं लागतात, मग डोंगरी, पुढे पाली, चौक, उत्तन. हा सगळा पट्टा एके काळी धारावी बेट म्हणून ओळखला जायचा. साष्टी बेटाच्या वायव्य टोकाला चिकटलेला हा तुकडा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, मागे चिखल आणि मिठागरं. चौकच्या बाजूला डोंगर खाडीच्या तोंडापर्यंत येतो. तिथे बुरुजाचे अवशेष आहेत, आणि त्या जागेला आता ‘जंजिरे धारावी’ म्हणतात.

या डोंगराचं महत्त्व कागदांत शोधण्याआधी पाण्यावरून पाहावं. २०२४च्या फेब्रुवारीत भाईंदर ते वसई अशी रो-रो बोट सुरू झाली. भाईंदरच्या धक्क्यावरून बोट पश्चिमेकडे निघाली की डाव्या हाताला धारावीचा डोंगर चालत येतो आणि उजव्या हाताला, थोडं पुढे, वसईचा तट. समुद्रातून आत येणारं कुठलंही गलबत या दोघांच्या मधूनच जाणार, दुसरा रस्ता नाही. वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाण्याने आणि दलदलीने वेढलेला होता. त्याला धान्य, दारूगोळा आणि ताजी माणसं यायची ती समुद्रातून. म्हणजे धारावीवर ज्याच्या तोफा, त्याच्या हातात वसईचा घास. डोंगरावरून वसईचा तट फोडता आला नसता, त्या काळच्या तोफांचा पल्ला आणि नेम तेवढा नव्हता. पण पाण्यातल्या गलबतांना सुखाने आत येऊ न देण्याइतकं काम त्या नक्की करू शकत होत्या.

आणखी एक नातं या दोन काठांमध्ये होतं, ते दगडाचं. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरने धारावीच्या खाणींची खास नोंद केली आहे: वसईच्या बांधकामाला इथला दगड गेला. फिरंग्यांनी ज्या डोंगराचा दगड काढून वसई उभी केली, त्याच डोंगरावरून वसईची कोंडी करायचा बेत मराठ्यांनी केला. कादंबरीकाराला हे फार आवडेल. सेनापतींना मात्र दगडाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना उंची हवी होती.

आता मोहिमेचा क्रम. १७३७च्या वसंतात मराठे ठाण्याची खाडी ओलांडून साष्टीत उतरले. ठाण्याचा किल्ला त्या वेळी बांधून पुरा झालेला नव्हता. त्याच्या बांधकामासाठी लादलेली वेठ आणि पट्टी यांनी रयत आधीच वैतागली होती. अंजूरच्या नाईक मंडळींनी, त्यांतही गंगाजी नाईकांनी, आणि मालाडच्या अंताजी रघुनाथांनी पुण्याशी संधान बांधलेलं होतं. ठाणं पडलं, उत्तर फिरंगाणाचा, म्हणजे वसई-ठाण्याकडच्या पोर्तुगीज मुलखाचा, सेनापती लुईस बोतेल्यू तिथून निघून गेला, आणि त्याच वर्षी घोडबंदर व अर्नाळाही मराठ्यांकडे आले. धारावीवर त्यांनी पाय रोवले ते याच लाटेत.

वेळ बघा. मार्च-एप्रिल. पुढे दोन महिन्यांत पावसाळा, दर्या बंद. गोव्याहून पोर्तुगिजांचं आरमार निघायचं म्हटलं तरी श्रावणातल्या नारळी पौर्णिमेनंतरच. कोकणातल्या लढाया कागदावर तारखांच्या दिसतात, पण त्या खऱ्या ऋतूंच्या असतात. उन्हाळ्याच्या शेवटी जो घाव घालील त्याला चार महिन्यांची उसंत फुकट मिळते. १७३७ची साष्टी आणि १७३९ची वसई, दोन्ही पावसाच्या तोंडावर पडल्या हा योगायोग नाही.

मग धारावी हातची गेली कशी? याचं उत्तर धारावीत नाही, भोपाळमध्ये आहे. १७३७च्या अखेरीस बाजीरावाने निजामाला भोपाळला कोंडलं आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराईसराईचा तह करून घेतला. चिमाजी अप्पा त्या काळात खानदेशाकडे, निजामाच्या मुलाला दक्षिणेतून मदत पाठवता येऊ नये म्हणून अडवून बसले होते. कोकणात उरली ती शंकराजी केशव फडक्यांसारख्या सरदारांच्या हाताखालची तुटपुंजी फौज. पोर्तुगिजांनी या काळात उचल खाल्ली नसती तरच नवल. धारावीसारखी जागा अशाच वेळी हात बदलते. मोठी फौज दूर असते, समोरच्या काठावरून चार मचवे भरून माणसं येतात, आणि चौकीवर रात्रीच्या वेळी जेवढे जागे असतील तेवढ्यांचाच जिवाचा खेळ होतो.

१७३८च्या अखेरीस पोर्तुगिजांचा नवा सेनापती पेद्रु द मेलु याने थेट ठाण्यावर चाल केली. मुंबईकर इंग्रजांनी ही बातमी मराठ्यांना आधीच पोहोचवली होती. तोफगोळा लागून पेद्रु द मेलु ठार झाला. तो गोळा डागणारा गोलंदाज इंग्रज होता, असा पोर्तुगिजांचा आरोप. खरंखोटं काहीही असो, त्या आरोपाने त्यांच्या मनातली चरफड छान कळते.

त्यानंतर चिमाजी अप्पा स्वतः उतरले आणि मोहिमेने वेग घेतला. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर. तारापुरात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. फेब्रुवारीत वेसावे, म्हणजे वर्सोवा. मार्चमध्ये धारावी. ही नावं नकाशावर ठेवा. आधी वसईच्या उत्तरेकडचा किनारा साफ झाला, मग दक्षिणेकडचा, आणि शेवटी खाडीचं तोंड. वसईभोवतीचा फास आवळताना जी शेवटची गाठ मारायची राहिली होती ती धारावीची. ती मारल्यावर दोनच महिन्यांत वसई पडली. मला तर धारावी हे वसईच्या लढाईचं पहिलं प्रकरण वाटतं; स्वतंत्र चकमक म्हणून तिच्याकडे पाहिलं की ती उगाच किरकोळ दिसते.

कागदांत ती एवढी बारीक का, हे समजायला कागद लिहिणारे कोण होते ते पाहावं लागतं. मराठ्यांच्या बाजूने आपल्याकडे पत्रं आहेत. गो. स. सरदेसायांनी संपादित केलेल्या ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ या पंचेचाळीस खंडांच्या मालेतला सोळावा खंड वसईच्या मोहिमेलाच वाहिलेला आहे. द. ब. पारसनिसांनी छापलेला पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांचा पत्रव्यवहार आहे. य. न. केळकरांनी ‘वसईची मोहीम’ हे पुस्तक अशाच कागदांवर उभं केलं. पण मोहिमेतली पत्रं इतिहासासाठी लिहिलेली नसतात. पैका पाठवा, दारू पाठवा, बेलदार पाठवा, अमक्याची माणसं पळाली, तमक्याला कौल द्यावा की नाही. फत्ते झाली तर एक ओळ, मग लगेच पुढची मागणी. बाजी भिवराव पेशव्यांच्या घरोब्यातले, म्हणून त्यांच्या मरणाचा शोक पत्रांत उतरला. धारावीच्या उतारावर जो कोळी, भंडारी किंवा मावळातला पोरगा पडला त्याची बातमी सांगायला त्याच्या घरी कारकून गेला नसणार.

आणि त्या मार्चमध्ये पुण्याचं लक्ष भलतीकडेच होतं. नादिरशहाने कर्नाळच्या मैदानावर मोगल फौज मोडली आणि मार्च १७३९ मध्ये दिल्लीत कत्तल केली. आता तो दक्षिणेकडे सरकणार की काय, या काळजीत बाजीराव फौजा गोळा करत होता, आणि शिंदे-होळकर तर वसईपुढे अडकलेले. अशा दिवसांत एका डोंगरावरची बातमी किती शाई खाणार?

पोर्तुगिजांचे कागद वेगळ्या कारणासाठी लिहिलेले आहेत. गोव्यातून व्हाइसरॉय कोंदि द सांदोमिल लिस्बनला लिहितो ते प्रांत गेला त्याचा हिशेब द्यायला. हिशेबात दोष वाटावा लागतो. सेनापती नालायक, पैसा नाही, इंग्रज दगाबाज. त्यामुळे पोर्तुगीज कागदांत पराभवाची कारणं भरपूर आणि लढाईचं वर्णन मोजकं. इंग्रजांची दप्तरं तिसऱ्या तऱ्हेची. मुंबईच्या कौन्सिलात रोज बातम्या येत आणि नोंदवल्या जात, पण नोंद घेणाऱ्याला एकच प्रश्न पडलेला असे: याचा मुंबईला धोका किती? वसईकरांनी मदत मागितली तेव्हा इंग्रजांनी पंधरा हजार रुपये दिले, तेही देवळातली चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून. अशा सावकाराची वही व्यवहाराच्या बाबतीत विश्वासाची असते, इतर बाबतीत मुकी.

याशिवाय ‘साष्टीची बखर’ आहे. बखर वाचायला गोड, पण ती धर्मयुद्धाची गोष्ट सांगायला बसलेली असते, म्हणून तिच्यातला प्रत्येक आकडा हातात घेऊन वाजवून पाहावा लागतो. आकड्यांचं म्हणाल तर वसईच्या खुद्द वेढ्याचंच उदाहरण घ्या. पोर्तुगिजांची हानी आठशेच्या आसपास सांगितली जाते. मराठ्यांची हानी मराठी बाजूने पाच हजार आणि पोर्तुगीज बाजूने बारा हजारांपर्यंत. एवढ्या गाजलेल्या वेढ्यात अडीचपटीचा फरक पडतो, तर चौकच्या डोंगरावर ‘हजारो धारातीर्थी पडले’ असं कुणी व्हॉट्सॲपवर लिहिलं की त्याला निवांतपणे सोडून द्यावं.

तारखांची गंमत तर याहून मोठी आहे, आणि इथे थोडं रेंगाळायला हरकत नाही. वसईच्या शरणागतीची तारीख काही पुस्तकांत ५ मे १७३९ आहे, काहींत १६ मे. फिरंगी किल्ला सोडून गेले तो दिवस कुठे १२ मे, कुठे २३ मे. वाचकाला वाटतं, इतिहासकारांत वाद आहे. वाद मुळीच नाही. पोर्तुगालने १५८२ मध्येच पोप ग्रेगरीचं सुधारलेलं पंचांग घेतलं. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या जूलियन पंचांगाला चिकटून बसले होते. अठराव्या शतकात या दोहोंत अकरा दिवसांचं अंतर होतं. वसईच्या तटावरचा पोर्तुगीज कारकून २३ मे लिहीत होता तेव्हा मुंबईच्या कोटातला इंग्रज कारकून त्याच सूर्यास्ताला १२ मे लिहीत होता. आपल्या जुन्या इतिहासकारांनी बहुधा इंग्रजी तारीख घेतली, पोर्तुगीज ग्रंथांवरून लिहिणाऱ्यांनी दुसरी, आणि पुढे दोन्ही एकाच परिच्छेदात सुखाने नांदू लागल्या.

मराठी छावणीत यांतली कुठलीच नव्हती. तिथे वैशाख शुद्ध पक्ष, शके १६६१. पत्राच्या शेवटी मात्र बहुधा मुसलमानी महिन्याचा चंद्र आणि सुहूर सन: तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३९. सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, शक चैत्रात. आणि इंग्रजांचं तेव्हाचं अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होत असे! म्हणजे मार्च १७३९च्या पहिल्या पंधरवड्यात धारावी पडल्याची नोंद मुंबईच्या वहीत आली असेल तर तिच्यावर साल १७३८ असायचं. जी लढाई एकाच ओळीत आहे तिचं साल असं सरकलं, की पुढचा लेखक दोन वेगळ्या लढाया झाल्या असं धरून चालतो. ठाण्याच्या चढाईच्या तारखेतही अकरा दिवसांचा तोच फरक आहे. ती काही ठिकाणी मार्चअखेरीची आणि काही ठिकाणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली दिसते, आणि दोन्ही बरोबर आहेत. म्हणून धारावीच्या बाबतीत ‘मार्च १७३९’ एवढं म्हणणं सगळ्यांत प्रामाणिक.

तिथीचा एक फायदा मात्र नव्या तारखेला नाही. तिथीवरून भरती-ओहोटी कळते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे मंद भरती, हे उत्तनच्या कोळ्याला कॅलेंडर न पाहता ठाऊक असतं. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत पाणी चार-साडेचार मीटर चढतं आणि ओहोटीला खाडीचा काठ कंबरभर चिखल होतो. त्या चिखलात तोफ सोडा, खांद्यावर बंदूक घेतलेला माणूसही उतरवता येत नाही. धारावीवर चढाई करणाऱ्याला किंवा ती वाचवायला वसईहून माणसं पाठवणाऱ्याला दिवसातले मोजके तास मिळत. फिरंगी वसई सोडून निघाले तो दिवस वैशाखी पौर्णिमेच्या आसपासचा आहे, तेव्हा त्यांच्या गलबतांना पाणी भरपूर मिळालं असणार.

लहान लढायांचं हे भाग्य आपल्याकडचंच नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरी प्रांतांनी चौदाव्या-पंधराव्या शतकांत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याशी आणि आपसांतही अशाच बारक्या-मोठ्या झुंजी दिल्या. १३८६च्या झेम्पाखच्या लढाईत शत्रूचे भाले छातीवर घेऊन वाट मोकळी करणारा विंकेलरीड तिथल्या पोराबाळांना माहीत आहे. पण लढाईच्या जवळच्या काळातल्या बखरींत त्याचा पत्ता नाही, तो नंतरच्या पिढ्यांनी आणला. कागदात मोकळी जागा दिसली की लोक तिथे वीर उभा करतात. याच्या उलट नेफेल्स. १३८८ साली ग्लारूसच्या लोकांनी तिथे लढाई जिंकली, आणि आजही दर एप्रिलमध्ये तिथे लोक मिरवणुकीने जमतात तेव्हा त्या दिवशी पडलेल्यांची नावं वाचली जातात. गावाने आपली यादी जपली म्हणून सहाशे वर्षांनी ती वाचता येते. धारावीच्या चढावर पडलेल्यांची अशी यादी कुण्या गावाने ठेवली नाही.

आणि गाव? डोंगरीत पोर्तुगीज काळापासूनचं बेथलेहेम मातेचं चर्च आहे, उत्तनला कोळ्यांची वस्ती, पलीकडे आगरी-भंडारी. इथले ख्रिस्ती घरात मराठीचीच बोली बोलतात. १७३९ मध्ये त्यांचा राजा बदलला. वसईच्या तहात ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक ठेवली होती आणि पाच चर्चं राखली होती: तीन वसई शहरात, एक परगण्यात, एक साष्टीत. धर्मसंग्राम म्हणून या मोहिमेचे ढोल आजही वाजतात, आणि फिरंग्यांच्या जाचाला कंटाळूनच अंजूरकर पुण्याला गेले हेही तितकंच खरं. पण तह लिहायची वेळ आली तेव्हा चिमाजी अप्पांच्या कारभाऱ्यांनी ढोलाकडे नव्हे, वसुलीकडे आणि वस्ती टिकण्याकडे पाहिलं. मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं. रिकाम्या गावात मीठ कोण पिकवणार, मासळी कोण आणणार?

वसई पडल्यावर धारावीचं काम एका दिवसात संपलं. दोन्ही काठ एकाच राज्यात आले. कुणाची वाट अडवायची? पण पस्तीस वर्षांनी खाडी पुन्हा सरहद्द झाली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी गिळली. १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसईही घेतली, पण १७८२च्या सालबाईच्या तहाने वसई पेशव्यांना परत मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे पुढची पस्तीसेक वर्षं, १८१७च्या पुण्याच्या तहापर्यंत, वसईच्या तटावर पेशव्यांचा जरीपटका आणि समोरच्या धारावीच्या बाजूला कंपनीचा अंमल. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ला वसईत बसून इंग्रजांशी तह केला, तेव्हा मुंबईहून त्यांची गलबतं ज्या तोंडातून आत यायची त्याची एक बाजू त्यांच्याच हातात होती.